‘लक्ष कुठं होतं तुझं?’ – कारखान्यातल्या अपघातानंतर कायदा आधी काय विचारतो

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका प्रेस शॉपमध्ये मी मेंटेनन्सला हेल्पर होतो, तेव्हाची गोष्ट. पॉवर प्रेसवरच्या, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवरच्या, एका पोराची दोन बोटं डायमध्ये, साच्यात, गेली. सगळे धावले. सुपरवायझर आला आणि त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "लक्ष कुठं होतं तुझं?" हाताला फडकं गुंडाळलेलं, ओठ पांढरे पडलेले, आणि तो पोरगाच म्हणत होता, "चुकलं साहेब माझं."

त्याला रिक्षात घालून नेल्यावर मला मशीन बघायला सांगितलं. त्या प्रेसला दोन बटणं होती. एक डावीकडं, एक उजवीकडं, एका हाताला दोन्ही पोचणार नाहीत इतकी लांब. दोन्ही एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे वरून दाबणारा जड भाग, खाली येणार. म्हणजे रॅम पडतो त्या क्षणी माणसाचे दोन्ही हात बटणांवर, डायच्या बाहेर. डाव्या बटणाच्या फटीत काडेपेटीची अर्धी काडी खुपसलेली होती. बटण कायमचं दाबलेलं. मी ती काडी नखानं ओढून काढली. शेजारच्या प्रेसकडं बघितलं, तिथंही काडी. पलीकडच्यालाही.

काडी का होती, हे शॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. मजुरी पिसावर होती, जेवढे नग तेवढे पैसे. दोन्ही हात बटणांवर नेत बसलं तर संध्याकाळपर्यंत टार्गेट पुरं होत नव्हतं. एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं पीस, असं केलं की होत होतं. सुपरवायझर दिवसातून दहा वेळा त्या बटणांसमोरून जायचा. "चालतंय की," एवढंच.

पुढं मी फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, गेलो, मेंटेनन्सवरून सेफ्टीच्या कामाला लागलो आणि कायद्याची पुस्तकं हातात आली. तेव्हा समजलं की त्या दिवशी सुपरवायझरनं जो प्रश्न पहिला विचारला, तो कायद्याच्या लेखी बराच नंतरचा आहे. कायदा आधी विचारतो, काडी दिसत असताना मशीन चालू कसं राहिलं? पीसरेट असा का ठरवला की काडी घातल्याशिवाय पोट भरू नये? त्या पोराला बटणं दोन का आहेत, हे कुणी समजावलं होतं का? माणूस चुकणार, दमणार, रात्रपाळीत पेंगणार, घरच्या काळजीनं क्षणभर हरवणार, हे कायदा धरूनच चालतो. त्या एका क्षणानं हात जाऊ नये अशी मांडणी करायची जबाबदारी ज्याच्या हातात मशीन, पैसा आणि हुकूम आहे त्याची.

आता नेमका कायदा कोणता? वर्षानुवर्षं आपण ‘फॅक्टरी ॲक्ट’ म्हणत आलो, म्हणजे कारखाने अधिनियम, १९४८. तो आणि आणखी १२ कायदे एकत्र करून २०२० साली संसदेनं ‘व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता’ केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नव्या संहितेशी विसंगत नसलेले जुने नियम बदलाच्या या काळात चालू राहतात, त्यामुळं "जुना कायदा गेला, नवा अजून यायचाय" असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मधली मोकळी जागा कुठंच नाही.

संहितेतलं सहावं कलम मालकाच्या कर्तव्यांचं आहे. एकच कलम वाचायचं असेल तर हे वाचा. कामाची जागा दुखापत किंवा व्यवसायजन्य आजार होईल अशा धोक्यांपासून मुक्त ठेवायची. यंत्रं आणि कामाच्या पद्धती सुरक्षित ठेवायच्या. माहिती, प्रशिक्षण आणि देखरेख द्यायची. ठरवून दिलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत वैद्यकीय तपासणी करायची. प्रत्येकाला नेमणूक पत्र द्यायचं. आणि सुरक्षिततेसाठी जे काही केलं किंवा दिलं, त्याचा एक पैसाही कामगाराकडून घ्यायचा नाही. हे शेवटचं मी मुद्दाम ठळक सांगतो, कारण बुटाचे पैसे पगारातून कापणारे कारखाने मी डोळ्यांनी पाहिलेत. ते बेकायदा आहे. तपासणीचे पैसे कापणंही बेकायदा.

याच कलमात आणखी एक वाक्य आहे, ज्यानं पुष्कळ मालकांची झोप उडायला हवी. कारखान्याच्या आवारात जो कुणी माणूस असेल, मालकाच्या माहितीत असो वा नसो, त्याच्या सुरक्षिततेला मालक जबाबदार. म्हणजे ठेकेदाराचा माणूस, वाळूच्या ट्रकचा ड्रायव्हर, पत्र्यावर चढलेला इलेक्ट्रिशियन, सगळे आले. "तो आमच्या रोलवर नाही" हे उत्तर पगाराच्या रजिस्टरला ठीक आहे. पत्रा फुटून माणूस खाली आला तर ते उपयोगाचं नाही.

आणि मालक म्हणजे तरी कोण? फर्म असेल तर भागीदारांपैकी एक, कंपनी असेल तर संचालकांपैकी एक. कायदा त्याला ‘भोगवटादार’ म्हणतो. पूर्वी काही कंपन्या एखाद्या मॅनेजरला भोगवटादार म्हणून पुढं करायच्या. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात ते बंद केलं. कंपनीचा भोगवटादार संचालकच असला पाहिजे. कारण मशीनच्या गार्डला, म्हणजे संरक्षक आवरणाला, पैसे मंजूर करायचे की नाहीत, हे शेवटी तोच ठरवतो.

‘वाजवीपणे शक्य’ म्हणजे किती?

कायद्यात हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांचा सोयीचा अर्थही पुन्हा पुन्हा लावला जातो. "परवडलं तर करू" असा तो अर्थ नाही. एका पारड्यात धोका ठेवायचा, म्हणजे काय होऊ शकतं आणि किती वाईट. दुसऱ्या पारड्यात तो टाळायला लागणारा पैसा, वेळ, त्रास. दुसरं पारडं फारच जड असेल तरच मालकाला सूट. बेल्टवर जाळीचं कव्हर घालायला वेल्डरचा एक दिवस जातो आणि कव्हर नसेल तर हात जातो, तिथं हिशोब मांडायचीही गरज नाही.

शिवाय काही गोष्टी या तराजूत बसतच नाहीत. यंत्राच्या धोकादायक भागांबद्दल १९४८ च्या कायद्याचं २१ वं कलम सांगत होतं की भक्कम बांधणीचं संरक्षण हवं, ते कायम सुस्थितीत हवं आणि यंत्र फिरत असताना जागेवर हवं. तीन अटी आहेत आणि तिसरी सगळ्यात जास्त मोडली जाते. गार्ड असतो, पण भिंतीला टेकवून ठेवलेला. सफाईला काढला, परत लावला नाही. तपासणीच्या दिवशी लावतात. गुऱ्हाळात चरक्याचं तोंड उघडं असतं आणि मोळी ढकलणाऱ्याचा हात रोलरपासून वीतभर अंतरावर. तिथंही तत्त्व तेच आहे. हात पोचूच नये इतकं लांब नरसाळं बसवायचं.

ओलं भंगार

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी, या पट्ट्यात फौंड्र्या आहेत आणि आपल्याकडचा पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. जूनमध्ये एकदा आडवा सुरू झाला की यार्डातलं भंगार दिवसच्या दिवस भिजतं. आता भट्टीत काय होतं ते बघा.

इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेवरच्या भट्टीत, लोखंडाचा रस सुमारे १,४०० अंश सेल्सिअसच्या वर असतो. त्यात ओलं भंगार टाकलं आणि पाण्याचा थेंब रसाच्या वर राहिला तर फक्त चरचरतो, वाफ हवेत जाते. पण भंगाराच्या खाचेतलं पाणी रसाच्या खाली गेलं तर त्याची तिथल्या तिथं वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० पट जागा मागते. वर रस असतो. ती वाफ रसाला घेऊनच वर येते. चार्जिंग करणारा, म्हणजे भट्टीत भंगार टाकणारा, माणूस भट्टीच्या तोंडाशी उभा असतो. बंद तोंडाची पाइप, जुना शॉकॲब्झॉर्बर, टोपण घट्ट बसलेला डबा, यांत पाणी किंवा तेल अडकलेलं असेल तर तेच होतं, पाऊस असो नसो. लेडल, म्हणजे रस ओतायचं भांडं, नीट तापवून कोरडं केलं नसेल तरी तेच. रस सांडला आणि खाली ओली जमीन असेल तरीही तेच.

मी एकदा असा उडालेला रस पाहिलाय. नशिबानं रात्री जेवणाची सुट्टी नुकतीच झाली होती आणि फलाटावर एकच मेस्त्री होता, तोही दोन पावलं मागं. शेडच्या पत्र्याला आतून लोखंडाचे थेंब चिकटले होते, वाटाण्याएवढे, गार झालेले. सकाळी शिडी लावून मी ते मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

या धोक्यावर "जपून टाका रे" ही सूचना म्हणजे काहीच नाही. ओलावा कुठल्या तुकड्यात आहे हे डोळ्यांना दिसत नाही. उपाय वरच्या अंगाला आहे. भंगार छपराखाली ठेवायचं, बंद तुकडे आधीच बाजूला काढून कापायचे, चार्ज तापवून कोरडा करायचा, फलाटावर माणसापुढं आडोसा हवा, भट्टीभोवतीचा खड्डा कोरडा हवा. यातला प्रत्येक निर्णय मालकाचा. मेस्त्रीच्या हातात फक्त चिमटा असतो.

दिसत नाही ती धूळ

रस उडाला की सगळ्या एमआयडीसीला कळतं. वाळू मात्र आवाज करत नाही. साच्याच्या वाळूत सिलिका असते. कास्टिंग, म्हणजे ओतून तयार झालेला नग, झटकताना, फेटलिंगला, म्हणजे त्याच्यावरचा जादा भाग घासून काढायला, ग्राइंडर मारताना तिची पूड होते. जी धूळ डोळ्यांना दिसते, नाकात अडकते, ती त्यातली बरी. पाच मायक्रॉनहून बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तिथं व्रण तयार करतात. फुप्फुस हळूहळू कडक होतं. हा सिलिकोसिस. यावर बरं करणारं औषध नाही, आणि काम सोडलं तरी आजार पुढं सरकू शकतो. क्षयाचा धोकाही वाढतो, त्यामुळं कित्येकांना वर्षानुवर्षं फक्त टीबीचा पेशंट समजलं जातं.

फेटलिंगचे एक मामा होते आमच्याकडं. दर चैत्रात जोतिबाला चालत जायचे. एका वर्षी म्हणाले, "औंदा पायऱ्या चढताना चारदा बसलो बघा. वय झालं." वय पन्नाशीच्या आतलं होतं. तेव्हा मलाही ते वयच वाटलं, हे आज लिहिताना जड जातं.

सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. मालकानं कळवायचा, आणि तपासणाऱ्या डॉक्टरनंही. कामामुळं झालेला आजार नुकसानभरपाईच्या दृष्टीनं कामावरच्या दुखापतीसारखाच धरला जातो. म्हणून छातीचा एक्स-रे काढताना डॉक्टरांना "फौंड्रीत फेटलिंगला इतकी वर्षं" हे आपणहून सांगा. त्यांनी विचारायची वाट बघू नका.

आणि मास्क? मास्क ही शेवटची गोष्ट. शत्रू पन्हाळ्याच्या तटाच्या आत शिरल्यावर सज्जाकोठीच्या दारात लढायचं, तसं ते आहे. आधी धूळ होऊच नये असं बघायचं, झाली तर ग्राइंडरच्या तोंडाशीच ओढून घेणारा सक्शन बसवायचा, वाळू ओली करून झाडायची, एअर गननं कपडे आणि जमीन झटकणं बंद करायचं, आणि एवढं करून जी उरेल तिच्यासाठी मास्क. तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा, फिल्टर बदलला जाणारा. रुमाल बांधून सिलिका अडत नाही.

साधनं विचार न करता वाटली तर उलट अपघात होतात. ड्रिलिंग मशीनवर हातमोजे घालून उभं करणं हे त्यातलं सगळ्यात सर्रास. फिरत्या ड्रिलला मोज्याचा एक धागा लागला की मोज्यासकट बोट आत जातं. उघडं बोट कापलं असतं, मोज्यातलं पिळवटून निघतं.

कामगाराच्या हातात काय आहे

कर्तव्यं कामगारालाही आहेत. स्वतःची आणि शेजाऱ्याची काळजी घ्यायची, सूचना पाळायच्या, धोका दिसला तर सांगायचा, सुरक्षेची साधनं मुद्दाम बिघडवायची नाहीत. काडी घालणं यात बसत नाही, हे मान्य. पण त्यानं मालकाची जबाबदारी धुऊन निघत नाही.

संहितेचं १४ वं कलम कामगाराला हक्क देतं. आपल्या कामात कोणता धोका आहे याची माहिती मालकाकडून मागायचा हक्क. आणि जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी रास्त भीती वाटली तर मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवायचा हक्क. मालकाला पटलं तर त्यानं लगेच उपाय करून अहवाल पाठवायचा. पटलं नाही तर प्रश्न निरीक्षकाकडं जातो आणि त्याचा निर्णय अंतिम. धोक्याची सूचना देण्याचा हा हक्क आपल्या कायद्यात आला तो १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीनं. त्याची किंमत हजारो माणसांनी मोजली आहे, म्हणून तो कागदावर पडून राहिलेला बघवत नाही.

तोंडी सांगितलेलं हवेत जातं. तुटलेल्या गार्डचा फोटो, त्याखाली एक ओळ, सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर. तारीख आपोआप पडते. निरीक्षक म्हणजे राज्याचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. त्याचं कार्यालय कोल्हापुरात आहे.

मोठ्या कारखान्यात यासाठी माणूसच नेमावा लागतो. पूर्वी हजार कामगारांना सुरक्षा अधिकारी सक्तीचा होता, आता ५०० ला, आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५० ला.

अपघात झाल्यावर

"दवाखान्यात विचारलं तर घरी पाय घसरून पडला म्हणून सांग, खर्च आम्ही करतो." हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा कामगार विरळा. त्या एका वाक्यानं काय जातं ते नीट बघा. केसपेपरवर ‘घरी पडला’ असं आलं की तो कामावरचा अपघात राहत नाही. मग ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, अपंगत्वाचा लाभ अडतो, भरपाईचा दावा अडतो आणि निरीक्षक येतच नाही. चार दिवसांनी मशीन तसंच चालू, पुढचा माणूस तिथंच उभा. मृत्यू झाला, किंवा जखमी माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर तो अपघात सरकारला कळवणं मालकाला बंधनकारक आहे.

ईएसआय दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतं, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना. मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के. कामावर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के मिळतात, आणि त्यासाठी अमुक महिने आधी हप्ते भरलेले असावेत अशी अट नाही. पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. मालकानं हप्ता बुडवला असेल तर महामंडळ ते पैसे मालकाकडून वसूल करतं.

ईएसआय नसेल तर भरपाई थेट मालकानं द्यायची. ही १९२३ पासूनची व्यवस्था आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. हिशोब असा. समजा कामगार ३० वर्षांचा, पगार १५,००० रुपये. २०२० मध्ये ठरलेली पगाराची मर्यादाही तेवढीच. ३० व्या वर्षासाठी तक्त्यातला गुणक २०७.९८. मृत्यू झाल्यास पगाराच्या निम्मे, ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्क्यांवर, १८,७१,८२० रुपये. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची ताकद २० टक्के गेली असं तक्ता धरतो, म्हणजे ३,७४,३६४ रुपये. उद्यमनगरातल्या त्या पोराला वीस दिवसांचा पगार आणि दवाखान्याचं बिल मिळालं होतं.

"पन्नास हजार घे आणि इथं सही कर, पुढं काही मागणार नाही म्हणून." अशी सही कायद्यापुढं टिकत नाही. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करारच रद्दबातल आहे. महिन्याच्या आत रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, आणि विनाकारण उशीर केला तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड वर. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर "त्यानं नियम मोडला होता" हे सांगूनही भरपाई टळत नाही.

कर्तव्य न पाळल्यामुळं मृत्यू झाला तर नव्या संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. गंभीर दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात किमान दंड अनुक्रमे २५,००० आणि ५,००० होता. दंडाची निदान निम्मी रक्कम जखमीला किंवा वारसांना द्या, असं न्यायालय आता सांगू शकतं. हा बदल मला मनापासून पटतो. पूर्वी दंड सरकारजमा व्हायचा आणि ज्याच्या घरचा माणूस गेला त्याच्या हातात निकालाचा कागद.

लहान शेडचं काय

इथं मात्र संहितेवर माझा राग आहे. वीज वापरणारा कारखाना म्हणजे किमान २० कामगार, अशी व्याख्या झाली आहे. १९४८ मध्ये ती दहा होती. दहा कामगार असलेली आस्थापना म्हणून संहितेची सर्वसाधारण कर्तव्यं लागू होतात, पण कारखान्यासाठीचे खास नियम वीसच्या वरच. आपल्याकडं उद्यमनगरात, इचलकरंजीच्या मागांच्या शेडमध्ये, हुपरीच्या चांदीच्या कामात सात-आठ माणसांचीच कामं जास्त. प्रेसचा रॅम कामगार मोजून पडत नाही. धोकादायक कामांसाठी एक कामगार असला तरी संहिता लागू करायचा अधिकार सरकारला आहे. पॉवर प्रेस आणि भट्टी यांच्यासाठी तो वापरायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर लहान मालकांनी एवढं ध्यानात ठेवावं की भरपाईच्या कायद्याला ही संख्या लागत नाही. विजेवर चालणारं उत्पादनाचं काम असेल तर शेडमध्ये दोनच माणसं असली तरी वरचा हिशोब तुम्हाला लागू आहे, आणि ईएसआय नसल्यानं तो सगळा तुमच्या खिशातून.

माझ्या ओळखीचे एक मालक वर्षातून एकदा, ४ मार्चच्या सुरक्षा दिनाला, सगळ्यांना शपथ देतात आणि पेढे वाटतात. गेल्या वर्षी मी त्यांना म्हटलं, या वेळी शपथेआधी प्रत्येक मशीनपुढं पाच मिनिटं उभं राहू, तुम्ही स्वतः. प्रेसच्या बटणांच्या फटीत बोट घालून बघा, आपत्कालीन स्टॉपचं लाल बटण दाबून मशीन खरंच थांबतं का बघा, भिंतीला टेकलेले गार्ड मोजा. ते फिरले. सहा गार्ड भिंतीला निघाले, दोन लाल बटणं मेलेली. पेढे दुपारी वाटले, आधी फिटरला बोलावलं.

फौंड्री असेल तर यात भंगाराचं यार्ड धरा. वळीव मे महिन्यातच गाठतो, म्हणून पत्र्याची ऑर्डर एप्रिलमध्ये द्या.